भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि चिमूटभर धूळ

अमेरिकी स्पेस शटलला तापापासून वाचवणारी काळी टाइल उचलताना पहिल्यांदा हात फसतो. डोळ्यांना ती कडप्प्याच्या तुकड्यासारखी दिसते, हात त्या वजनाच्या तयारीने पुढे होतो, आणि उचलल्यावर ती थर्माकोलच्या जातीची निघते. पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद, पाच सेंटिमीटर जाड अशी टाइल दोनशे ग्रॅमच्या आतच भरते. आत जवळजवळ शुद्ध सिलिकाचे बारीक धागे, बाकी सगळी हवा; घनता घनमीटरला १४४ किलो. वर आणि कडांना बोरोसिलिकेट काचेचं पातळ काळं आवरण. कडेला तळाच्या जरा वर हे आवरण थांबतं आणि खाली पांढरी पट्टी उघडी राहते. तिथे कुणाचा हात कमी पडलेला नाही. यान वर चढताना टाइलच्या आतली हवा बाहेर पडायला ती वाट ठेवलेली असते.

विक्रेता सांगतो, ही अंतराळात जाऊन आलेली आहे. अंतराळयानांचे जुने भाग जमवणाऱ्या संग्राहकांच्या भाषेत ‘फ्लोन’. टाइल स्वतः काही सांगत नाही. म्हणून तिला उलटीपालटी करून पाहायचं.

टाइल यानाच्या अॅल्युमिनियमवर थेट चिकटवत नसत. मधे नोमेक्स या उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या नमद्याचा थर, आणि दोन्ही बाजूंना आरटीव्ही-५६० नावाचं लालसर सिलिकॉन. त्यामुळे यानावर बसलेली टाइल काढली की तळाला फाटका नमदा किंवा लाल सिलिकॉनचे पापुद्रे राहतात, आणि काढताना ती बऱ्याचदा तुटतेच. तळ कोरा, कडा धारदार, काळेपणा नव्या तव्यासारखा असेल, तर ती बहुधा कारखान्यातून थेट कपाटात आलेली. आणखी एक खूण पाहा. उड्डाणाच्या तापाने टाइलचं जलरोधक रसायन जळून जायचं, म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर वरच्या काळ्या आवरणातल्या बारीक छिद्रातून ते पुन्हा आत सोडत. ते छिद्र भिंगाखाली सापडलं, पृष्ठभाग राखाडी पडलेला आणि एकाच दिशेने ओघळ असले, तर विक्रेत्याचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. एवढ्यावर सिद्ध झालं असं मात्र नाही. टाइल यानावर होती, हे कळलं. कोणत्या यानावर आणि कोणत्या मोहिमेत, हे व्ही०७० ने सुरू होणारा भाग क्रमांक आणि त्याच्या शेजारचा अनुक्रमांक मिळाल्याशिवाय कळत नाही. (टाइलच्या तुटक्या कडेवर फुंकर मारू नका. ते काचेचेच धागे आहेत, फुप्फुसात जायला नकोत.)

या छंदात ‘खरं की खोटं’ हा प्रश्न लोक फार विचारतात, आणि माझ्या मते तो चुकीचा प्रश्न आहे. संपूर्ण बनावट यंत्रभाग फार कमी दिसतात. असला भाग बनवण्याचा खर्च कुणाला परवडणार? जास्त वेळा वस्तू खरी असते आणि तिच्याबद्दलचं वाक्य खोटं असतं. एकाच रेखाचित्रावरून एक नग उड्डाणासाठी बनतो, एक राखीव, एक थरथराट आणि उष्णतेच्या चाचणीसाठी, एक प्रशिक्षणासाठी. दिसायला चौघं सख्खे भाऊ. पहिल्याची किंमत चौथ्याच्या शंभरपट असू शकते. प्रशिक्षणाच्या नगावर ‘क्लास थ्री’ किंवा ‘नॉट फॉर फ्लाइट’ असा शिक्का असतो, आणि नेमका तोच भाग कधीकधी घासलेला सापडतो. घासलेली जागा दिसली की सौदा तिथेच थांबवावा.

म्हणून प्रश्न असा हवा: त्यातली ही कोणती?

उत्तर भागावर ठोकलेल्या पाटीवर असतं. अपोलोच्या मुख्य यानाचे, म्हणजे नॉर्थ अमेरिकनने बनवलेले दुसऱ्या आवृत्तीचे भाग व्ही३६ ने सुरू होतात. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे, ग्रमनचे, एलडीडब्ल्यू ने. बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतलेल्या भागांवर नॉर्थ अमेरिकनचा क्रमांक एमई ने सुरू होतो, ग्रमनचा एलएससी ने. मधले आकडे रेखाचित्राचे. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचे दोन-तीन आकडे फार महत्त्वाचे: तो त्या भागाचा उपप्रकार. ‘-००१’ आणि ‘-०११’ यांत एखाद्या स्क्रूचा फरक असेल किंवा अख्ख्या मोहिमांचा. भागात नंतर बदल झाला तर जुना उपप्रकार खोडून नवा ठोकलेला असतो. अशी खाडाखोड पाहून घाबरू नये, उलट आनंद मानावा, कारण तो भाग कुणीतरी सांभाळून वापरात ठेवला होता. पाटीवर पाच आकड्यांचा उत्पादकाचा संकेतांकही असतो. शेवटी अनुक्रमांक. भाग क्रमांक म्हणजे आडनाव, अनुक्रमांक म्हणजे नाव. नुसत्या आडनावावर सोयरीक कुणी जुळवत नाही.

एका अनुक्रमांकाची ताकद किती, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. २०१३च्या मार्चमध्ये जेफ बेझोस यांच्या पथकाने अटलांटिकच्या तळातून, चार किलोमीटरहून अधिक खोलीवरून, अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनांचे अवशेष वर काढले. प्रत्येक सॅटर्न-५ ला अशी पाच इंजिनं, आणि समुद्रात पडलेली रॉकेटं अनेक. चार दशकं खाऱ्या पाण्यात राहिलेलं ते धातूचं कडबोळं कोणत्या मोहिमेचं, हे नुसतं पाहून सांगणं शक्य नव्हतं. अवशेष कॅन्सस राज्यातल्या हचिन्सनच्या कॉस्मोस्फिअर संग्रहालयात गेले. तिथे एका संवर्धकाला अतिनील दिव्याखाली एका भागावर काळ्या रंगात उमटवलेले आकडे दिसले: २०४४. मग गंज उतरवल्यावर धातूवरही तोच क्रमांक मिळाला. रॉकेटडाइन कंपनीच्या हिशेबातलं २०४४ म्हणजे नासाच्या हिशेबातलं ६०४४, आणि ६०४४ म्हणजे अपोलो ११च्या रॉकेटचं पाचवं, मधलं इंजिन. गंज उतरवण्याची घाई आधी केली असती, तर तो रंग गंजाबरोबरच गेला असता.

क्रमांक चुकला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर उतरल्यावर घाईघाईने गोळा केलेला पहिला नमुना ज्या पांढऱ्या पिशवीतून परत आला, ती पिशवी पुढे एका संग्रहालयातल्या चोरीच्या खटल्यात जप्त झाली. सरकारी यादीत तिची गल्लत अपोलो १७च्या दुसऱ्या पिशवीशी झाली आणि २०१५ मध्ये ती सरकारी लिलावात ९९५ डॉलरला विकली गेली. घेणाऱ्या बाईंनी ती तपासणीसाठी नासाकडे पाठवली. आतली धूळ अपोलो ११च्या जागेची निघाली. मग नासाने पिशवी परत करायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, निकाल बाईंच्या बाजूने लागला, आणि २० जुलै २०१७ रोजी सोदबीजच्या लिलावात ती १८ लाख डॉलरच्या वर गेली. तपासणीसाठी नासाने त्या पिशवीतून काढलेली धूळही नंतर परत द्यावी लागली. २०२२ मध्ये बोनहॅम्सने ती पाच लाख डॉलरच्या वर विकली. चिमूटभरसुद्धा नव्हती ती.

वस्तू घरी आली की पहिला मोह पुसण्याचा होतो. तो आवरा. आधी खोक्यासकट, मग खोक्याबाहेर, सहा बाजूंनी फोटो. मग खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायची. पुसट झालेला ठसा अशा तिरप्या उजेडात उठून दिसतो. मग अतिनील टॉर्च. मग वजन, मापं, आणि प्रत्येक खुणेची नोंद, अर्धवट वाचता येणारी खूणसुद्धा. न वाचलेल्या आकड्याच्या जागी टिंब ठेवायचं. अंदाजाने आकडा भरला की तो पुढच्या दहा वर्षांच्या शोधाला चुकीच्या गल्लीत नेतो. तीनचा आठ आणि पाचचा सहा होणं ही रोजची गोष्ट आहे. अॅसिटोन किंवा स्पिरिटचा बोळा लांब ठेवा. तपासनिसाचा छोटा गोल शाईचा शिक्का, स्क्रूच्या डोक्यावर ओढलेली रंगाची रेघ (स्क्रू नंतर फिरवला की ती तुटते), स्क्रूंमधून ओवलेली सुरक्षा-तार: वस्तूचा इतिहास यांच्यातच असतो, आणि बोळ्याने पहिल्यांदा हेच जातं.

इलेक्ट्रॉनिक भाग असेल तर चिपा वाचा. चिपेवर चार आकडे असतात, पहिले दोन वर्षाचे, नंतरचे दोन आठवड्याचे. ६७४३ म्हणजे १९६७चा त्रेचाळिसावा आठवडा. ‘अपोलो ११ मधून आलेली’ म्हणून विकायला ठेवलेल्या सर्किटच्या पट्टीवर एक जरी ७०११ निघाली तरी विषय संपला, कारण अपोलो ११ जुलै १९६९ मध्येच जाऊन परत आलं होतं. उलटं मात्र खरं नाही. तारीख जुळली म्हणजे उड्डाण झालं असं होत नाही. अपोलोच्या मार्गदर्शक संगणकाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. उड्डाणाच्या संगणकाचे कप्पे आतून रासायनिक लगद्याने भरून घट्ट केलेले असत, थरथराट सोसावा म्हणून. चाचणीच्या संगणकाचे बरेच कप्पे उघडे ठेवत, दुरुस्ती करता यावी म्हणून. अशा एका चाचणी-संगणकाने १९७६ मध्ये ह्यूस्टनच्या भंगारात दोन टन मालाबरोबर मालक बदलला, आणि २०१९ मध्ये काही जाणकारांनी तो पुन्हा चालू केला. त्याच्या स्मृतीच्या कप्प्यातली एक तार तुटलेली होती, आणि नेमका तो कप्पा लगद्याने भरलेला होता. खऱ्या संग्राहकाला ते दोन टन वाचून रात्री झोप लागत नाही.

कागदांकडे वळू. वस्तूबरोबर आलेलं ‘प्रमाणपत्र’ हे बहुतेक वेळा विक्रेत्यानेच छापलेलं असतं; त्याला कागद म्हणून किंमत द्यावी, पुरावा म्हणून नाही. पुरावा म्हणजे त्या काळातला कार्यालयीन कागद: कंत्राटदाराकडून सरकारने माल ताब्यात घेतल्याचा डीडी-२५०, एका कार्यालयातून दुसऱ्याकडे वस्तू गेल्याचा डीडी-११४९, भागाला बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग. अपोलोच्या प्रत्येक मोहिमेची सामानाची यादी होती, कोणत्या कप्प्यात काय, कोणत्या भाग क्रमांकाचं. वीरांनी वापरलेल्या तपासणी-पुस्तिकांवरसुद्धा एसकेबी ने सुरू होणारा क्रमांक आणि १००१ सारखा अनुक्रमांक असे. ती यादी आणि अपोलोच्या संभाषणांचे टीपांसहित उतारे घरबसल्या वाचता येतात. ह्यूस्टन केंद्राच्या जुन्या फायली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे पत्र पाठवताना ‘अपोलोबद्दल माहिती हवी’ असं लिहिलं तर उत्तरात सौजन्य मिळतं. भाग क्रमांक, कंत्राट क्रमांक आणि वर्ष लिहिलं तर खोक्याचा क्रमांक मिळतो.

सोव्हिएत वस्तूंचं तंत्र वेगळं. तिथे यंत्राबरोबर ‘पासपोर्ट’ किंवा ‘फॉर्म्युल्यार’ नावाची पुस्तिका असते. तिच्यात कारखान्याचा क्रमांक, चाचण्या, किती तास चाललं, सगळं हाताने भरलेलं आणि सह्या केलेलं. पुस्तिकेतला क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक जुळला तर अर्धं काम झालं. ओटीके हा कारखान्याच्या तपासणीचा शिक्का, आणि समभुज चौकटीतला शिक्का लष्करी प्रतिनिधीने माल स्वीकारल्याचा. आणखी एक सापळा खास सोयुझ यानांचा. वर गेलेला माणूस त्याच कुपीतून खाली येतो असं धरून चालायचं नाही. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून गेले आणि ११ एप्रिलला सोयुझ टी-१० मधून परतले. ‘शर्मांच्या यानातला तुकडा’ असं कुणी म्हणालं की कोणतं यान, हे आधी विचारावं. आसनातला अस्तराचा साचा माणसाबरोबर एका कुपीतून दुसरीत जातो. भिंतीवरचा स्विच जात नाही.

सह्यांच्या बाजाराबद्दल थोडक्यात, कारण तो बाजार मला फारसा आवडत नाही. अंतराळवीरांच्या कार्यालयात सही करणारं यंत्र होतं. त्या सहीत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, रेघेला किंचित थरथर, आणि पेन टेकलं-उचललं तिथे ठिपका. दोन सह्या पारदर्शक कागदावर एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर दोन्ही यंत्राच्या. माणूस दोनदा सारखी सही करत नाही. आर्मस्ट्राँग यांनी १९९४ पासून सह्या देणं बंद केलं, त्यानंतर खोट्या सह्यांचं पीक आलं. टपालाच्या पाकिटांतही भेद आहे. अपोलोच्या वीरांनी उड्डाणाआधी सह्या करून, परत आलो नाही तर म्हणून, घरच्यांसाठी मागे ठेवलेली ‘विमा पाकिटं’ सह्यांच्या दृष्टीने उत्तम, पण ती पृथ्वीवरच राहिली. विक्रेत्याच्या वर्णनात ‘अपोलो ११’ आणि ‘पाकीट’ हे शब्द शेजारी आले म्हणजे ते चंद्रावर गेलं असं नाही. अपोलो १५ वर मात्र सुमारे चारशे पाकिटं परवानगीशिवाय नेली गेली. त्यातली शंभर जर्मनीतल्या टपाल तिकिटांच्या एका विक्रेत्याने विकली आणि तिघा वीरांची कारकीर्द तिथेच वाकडी झाली.

कार्डावर चिकटवलेले सोनेरी पापुद्र्याचे नखाएवढे तुकडे सगळ्यात जास्त विकले जातात. तो ‘कॅप्टन’ नावाच्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, एका बाजूने अॅल्युमिनियम चढवलेला. नाव तसं कॅप्टन नाही, कॅप्टॉन. पण बाजारात तो खरंच कप्तानासारखा मिरवतो. प्रयोगशाळेत तपासून तो कॅप्टॉन आहे एवढंच कळेल, आणि कॅप्टॉन आजही रिळावर मिळतो. अशा तुकड्याची किंमत पूर्णपणे मूळ मोठ्या तुकड्याच्या कागदावर असते. तो कागद दाखवत नसतील तर पुढच्या दुकानी.

मालकीचा प्रश्न अनेकांना उशिरा सुचतो. चंद्रावरून अपोलोने आणलेले दगड अमेरिकी सरकारचे. ते खासगी माणसाला विकत मिळत नाहीत. चंद्राचा तुकडा कायदेशीर हवा असेल तर चंद्रावरून उडून आलेली उल्का घ्यावी. मर्क्युरी, जेमिनी, अपोलोच्या वीरांनी आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा वाद २०१२च्या अमेरिकी कायद्याने मिटवला: त्या वस्तू त्यांच्या. कायद्याच्या आदल्या वर्षी अंतराळवीर जिम लॉव्हेल यांची अपोलो १३ची पुस्तिका ३,८८,३७५ डॉलरला विकली गेली आणि नासाने आक्षेप घेतल्यावर व्यवहार अडला, ते निमित्त. अपघातात गेलेल्या चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलांचे अवशेष मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. ते सरकारी मालमत्ता आहेत, आणि त्यांत माणसं गेली आहेत. भारतात मागवताना आणखी एक: जायरोस्कोप, छोटं इंजिन, दिशादर्शक यंत्र असल्या वस्तूंना अमेरिकेच्या शस्त्र-निर्यात नियमांखाली परवाना लागू शकतो. साठ वर्षं जुनं आहे म्हणून सूट मिळेल असं धरू नये. पाठवणाऱ्याकडून लेखी घ्यावं. आणि खोक्यावर ‘रॉकेटचा भाग’ असं लिहून आलं तर कस्टम्सचा अधिकारी त्याचं काम करणारच. ऐतिहासिक संग्राह्य वस्तूंचं ९७०५ हे शीर्षक, वर्ष, ‘निकामी’ हा शब्द आणि फोटो बीजकाबरोबर असावेत.

आकाशातून अंगणात पडलेल्या गोष्टीचं काय? हे आपल्याकडे घडलेलं आहे. २ एप्रिल २०२२च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. आसपास धाग्यांनी गुंडाळलेले गोळेही मिळाले. चिनी रॉकेटचा तो टप्पा असावा असं अभ्यासकांनी सांगितलं. १९६७च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे अवकाशात पाठवलेली वस्तू परत पृथ्वीवर पडली तरी मालकी बदलत नाही. शेत तुमचं, कडं त्यांचं. शिवाय असल्या गोळ्यांत दाबाखालचा वायू किंवा विषारी इंधनाचा अंश असू शकतो. हात न लावता तहसीलदार किंवा पोलीस पाटलाला कळवणं, आणि दुरून पट्टी ठेवून फोटो काढणं, एवढाच संग्राहकाचा हक्क.

राहिला सांभाळण्याचा भाग, आणि मुंबई-कोकण-गोव्यात तोच सगळ्यात जड. पावसाळ्यात कपाटातली आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. धातू, कागद आणि रबर तिघांनाही ती नको असते. झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिथिनच्या डब्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा, काटा चाळीसच्या आसपास राहू द्या, आणि जेल दर पंधरवड्याला तव्यावर नाही, ओव्हनमध्ये सुकवा. डांबरगोळ्या नकोत; त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. जुन्या पीव्हीसी नळ्या आम्ल सोडतात, म्हणून त्या इतर वस्तूंपासून वेगळ्या डब्यात, आणि त्या डब्याला हवा लागू द्यायची. अंतराळ-पोशाखाचं रबर कडक होऊन तुटतंच, थंडाव्यात फक्त सावकाश तुटतं. पोशाखातलं बीटा कापड काचेच्या धाग्याचं. त्याची घडी घातली की घडीवर धागे मोडतात, म्हणून गुंडाळी करायची. अंतराळवीरांसाठी बनवलेली चांदीची रॉबिन्स पदकं पुठ्ठा, लोकर आणि रबरबँडपासून लांब. आणि कागद लॅमिनेट करू नका. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला दहा रुपये देऊन डीडी-११४९ कायमचा मारलेला असतो, तो पुन्हा सुटत नाही.

डब्यावरची चिठ्ठी पेन्सिलने, आणि आत काय आहे एवढंच: ‘शटल टाइल, काळी. व्ही०७०-१९.०..-..., अनुक्रमांक अपुरा. तळाला लाल सिलिकॉन, छिद्र एक. यानावर बसवलेली, उड्डाण सिद्ध नाही.’